घटस्फोटानंतरची पोटगी: बेळगाव, खानापूर, निपाणी भागात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी वकील नाही, पॅरा लीगल व्हॉलंटियर आहे. म्हणजे ज्या बायकांना कोर्टाची पायरी माहीत नाही त्यांचा अर्ज लिहायला, कागद लावायला, कुठल्या खोलीत जायचं ते सांगायला बसते. मराठी बोलणाऱ्या बायका माझ्याकडं जास्त येतात कारण कोर्टातले कागद कन्नड नाहीतर इंग्रजीत असतात आणि त्यांना धड कोणी समजावून सांगत नाही. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदा लिहून काढले. तुमच्या केसचा शेवटचा सल्ला वकिलाकडूनच घ्या, पण वकिलाकडं जाताना हे वाचून गेलात तर काय विचारायचं ते तरी कळेल.

घटस्फोट झाला म्हणजे नातंच संपलं, मग पोटगी कशी काय मागायची?

मागता येते. कायद्यात "पत्नी" या शब्दाचा अर्थच असा लिहिलाय की नवऱ्यानं घटस्फोट दिलेली किंवा तिनं स्वतः घेतलेली, आणि पुन्हा लग्न न केलेली बाई पण त्यात येते. तिला स्वतःचं पोट भरता येत नसेल आणि नवऱ्याची ऐपत असूनही तो बघत नसेल तर कोर्ट दरमहा रक्कम ठरवून देतं. हे सगळ्या धर्मांना सारखं आहे. हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन, जैन, लिंगायत, बौद्ध, कोणीही असा.

कलम १२५ की १४४? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

दोन्ही एकच. जुन्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रिया संहितेत) १२५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली त्यात ते १४४ झालं. जुने वकील अजून सवयीनं "एकशे पंचवीस टाकूया" म्हणतात, गोंधळू नका. पूर्वी यात महिन्याला ५०० रुपयांच्या वर मिळतच नव्हतं, ती मर्यादा २००१ साली काढली. गावातल्या म्हाताऱ्या बायका "पोटगी म्हणजे पाचशे रुपये, त्यासाठी कशाला कोर्ट" म्हणतात ते त्या काळचं आहे, आता तसं नाही.

पण प्रत्येक धर्माचा वेगळा कायदा आहे ना? मग नेमका कुठला लागतो?

असं समजा की घराला दोन दारं आहेत. एक दार सगळ्यांचं, म्हणजे वर सांगितलेलं १४४. झटपट पोटाची सोय व्हावी म्हणून ते आहे, लग्नाचा पुरावा पण फार काटेकोर मागत नाहीत, लग्नपत्रिका, फोटो, रेशन कार्डवर नवऱ्याचं नाव एवढ्यावरही काम चालतं. दुसरं दार ज्याच्या त्याच्या विवाह कायद्याचं, तिथं घटस्फोटाच्या दाव्यात पोटगी मागता येते, आणि तिथं एकरकमी मिळू शकते, घर किंवा जमिनीवर बोजा चढवून मिळू शकते. दोन्ही दारांनी जाता येतं, फक्त एकीकडं मिळालेलं दुसरीकडं सांगावं लागतं, लपवायचं नाही, कोर्ट ते वजा धरतं. याशिवाय मारहाण, छळ झाला असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली पण पैसे आणि राहायला जागा मागता येते.

आम्ही लिंगायत आहोत, शेजारी जैन आहेत. आम्हाला हिंदू विवाह कायदा लागतो का?

लागतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात वीरशैव आणि लिंगायत हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत, आणि बौद्ध, जैन, शीख पण त्याच कायद्यात धरलेत. वेगळ्या धर्माची मागणी, अल्पसंख्याक दर्जा, हे सगळं वेगळं राजकारण आहे, त्यानं लग्नाचा कायदा बदलत नाही. जैनांना २०१४ ला अल्पसंख्याक दर्जा मिळाला म्हणून हा कायदा लागू नाही असं २०२५ साली इंदूरच्या एका फॅमिली कोर्टानं म्हटलं होतं, तेव्हा शहापूर भागातून मला पण फोन आले, पण मध्य प्रदेश हायकोर्टानं ते रद्द केलं.

यात कलम २४ म्हणजे केस चालू असतानाची पोटगी आणि केसचा खर्च, कलम २५ म्हणजे कायमची. २५ चं एक चांगलं आहे जे बायकांना माहीत नसतं, ते म्हणजे निकालाच्या वेळीच मागायला हवं असं नाही, नंतर कधीही अर्ज करता येतो. घटस्फोटाच्या घाईत काहीच मागितलं नाही म्हणून दोन वर्षांनी रडत आलेल्या बाईला मी हेच सांगते.

एक गोष्ट मात्र आपल्या भागात नीट बघायला पाहिजे. हा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. कर्नाटकात वाल्मीकी नायक समाज अनुसूचित जमातीत आहे आणि आपल्या जिल्ह्यात तो मोठा आहे. तिथं वकिलाला सुरुवातीलाच जात सांगा, नाहीतर केस अर्ध्यात आल्यावर समोरचा वकील तो मुद्दा काढतो. १४४ चं दार त्यांनाही उघडं आहेच.

मुसलमान बाईला फक्त इद्दतपुरतीच पोटगी मिळते असं मशिदीच्या जमातीत सांगितलं. खरं का?

नाही. हे थोडं सविस्तर सांगते कारण यात चाळीस वर्षांचा इतिहास आहे आणि तो अर्धवट सांगून बायकांना परत पाठवतात.

इंदूरच्या शाहबानो बेगमना म्हातारपणी नवऱ्यानं तलाक दिला. खालच्या कोर्टानं महिन्याला २५ रुपये लावले, हायकोर्टानं १७९ रुपये २० पैसे केले, आणि तेवढेही द्यायला नको म्हणून नवरा, जो स्वतः वकील होता, सुप्रीम कोर्टात गेला. एप्रिल १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की १२५ सगळ्यांना लागू आहे, तिलाही. त्यावर देशभर गदारोळ झाला आणि १९८६ ला संसदेनं तलाक झालेल्या मुस्लिम महिलांसाठी वेगळा कायदा केला. त्यात लिहिलंय की नवऱ्यानं इद्दतच्या मुदतीत "वाजवी आणि रास्त तरतूद" करायची, मेहर (निकाहात बायकोला द्यायची ठरलेली रक्कम) द्यायची, लग्नातलं सामान परत द्यायचं. इद्दत म्हणजे साधारण तीन महिने, गरोदर असेल तर बाळंत होईपर्यंत. लोकांनी याचा अर्थ काढला की तीन महिन्यांचे पैसे दिले की संपलं.

पण २००१ साली डॅनियल लतिफी केसमध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठानं तो अर्थ खोडला. तरतूद इद्दतच्या *आत* करायची, पण ती इद्दत*पुरती* नाही, तिच्या पुढच्या आयुष्याचा विचार करून करायची. हा एका शब्दाचा फरक नीट लक्षात ठेवा, सगळं त्यावर आहे. पुढं १० जुलै २०२४ ला तेलंगणातून आलेल्या केसमध्ये, तिथं हायकोर्टानं महिन्याला दहा हजार लावले होते, सुप्रीम कोर्टानं अगदी स्वच्छ सांगितलं की तलाक झालेली मुस्लिम बाई १२५ खाली पण जाऊ शकते, १९८६ चा कायदा हा जास्तीचा हक्क आहे, पहिला हक्क काढून घेणारा नाही.

तीन वेळा तलाक एका दमात म्हटला असेल तर तो तलाकच नाही, २०१७ ला सुप्रीम कोर्टानं बाद केला आणि २०१९ च्या कायद्यानं तो गुन्हा झाला, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अशा बाईला त्याच कायद्यात स्वतःला आणि मुलांना निर्वाह भत्ता मागता येतो. व्हॉट्सॲपवर पाठवला, फोनवर म्हटला, तरी तेच. तो मेसेज डिलीट करू नका, रागानं सुद्धा नाही.

खुला, म्हणजे बाईनं स्वतः मागून घेतलेला तलाक, घेतलेल्या बाईचं विचारतात. कायद्यात "तिनं घटस्फोट घेतला असेल तरी" असं आहे, त्यामुळं खुला घेतली म्हणून दार बंद होत नाही. मात्र खुल्याच्या कागदात "पुढं काहीही मागणार नाही" असं तुमच्याकडून लिहून घेतलं असेल तर समोरचा ते दाखवणार, म्हणून सही करायच्या आधी वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्या *तुमच्या* माणसाला दाखवा.

ख्रिश्चन लोकांचं काय?

१८६९ चा घटस्फोट कायदा आहे, कलम ३६ मध्ये केस चालू असतानाची आणि ३७ मध्ये कायमची पोटगी. पूर्वी केस चालू असताना नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक पंचमांशाच्या वर देता येत नव्हतं, २००१ च्या दुरुस्तीनं ती अट गेली आणि परस्पर संमतीनं घटस्फोटाची सोय पण त्याच वेळी आली. कॅम्पातल्या, खानापूरकडच्या कॅथलिक घरांत एक गैरसमज फार आहे की चर्चनं लग्न रद्द केलं म्हणजे घटस्फोट झाला. चर्चचा निर्णय चर्चपुरता, कोर्टाचा निकाल नसेल तर कायद्यानं तुम्ही अजून नवरा-बायकोच आहात, आणि अशा वेळी पोटगी तर बायको म्हणूनच मागता येते.

पारशी किंवा रजिस्टर लग्न असेल तर?

पारशांना १९३६ चा त्यांचा कायदा आहे. वेगळ्या धर्माच्या दोघांनी स्पेशल मॅरेज ॲक्टखाली रजिस्टर लग्न केलं असेल तर १९५४ च्या कायद्याची ३६ आणि ३७ कलमं.

नवरा बायकोकडून पोटगी मागू शकतो का?

हिंदू आणि पारशी कायद्यात हो. ख्रिश्चन आणि स्पेशल मॅरेज ॲक्टमध्ये फक्त बायकोला. १४४ खाली नवऱ्याला नाही, म्हाताऱ्या आई-वडिलांना आणि मुलांना मात्र आहे.

पंचांसमोर शंभर रुपयांच्या बाँडवर सोडचिठ्ठी झाली. "पोटगी मागणार नाही" असं लिहून घेतलंय. आता काय?

हा प्रश्न मी झोपेतही ऐकते इतका येतो. गावात दोन्हीकडची माणसं देवळाच्या पारावर नाहीतर कोणाच्या तरी सोप्यात बसतात, मुलीचा बाप खाली मान घालून, मुलगी आत स्वयंपाकघरात. बाँड आधीच टाईप करून आणलेला, कन्नडमध्ये. एक बाई माझ्याकडं तो बाँड घेऊन आली होती, घडी घालून घालून मधोमध फाटलेला, तिला आठवत होतं की कागदात "दागिने परत देऊ" असं लिहिलंय. मी वाचून दाखवलं, दागिन्याचा शब्दही नव्हता, उलट सगळं मिळालं, काही येणं नाही असं होतं. ती काही बोलली नाही, फक्त आपल्या सहीवर बोट ठेवून बसली. मराठीत केलेली सही, सावकाश काढलेली, शाळेत शिकवल्यासारखी.

तर उत्तर असं. हिंदू कायद्यात बाँडवरची सोडचिठ्ठी म्हणजे घटस्फोट नाही. जातीत तशी जुनी रूढ चाल असेल तर कायदा ती मानतो, पण ती चाल कोर्टात पुराव्यानं सिद्ध करावी लागते आणि ते सोपं नाही. म्हणजे बऱ्याचदा तुम्ही अजून कायदेशीर बायको असता. दुसरं, "मी पोटगी मागणार नाही" असं आधीच लिहून घेतलेलं कोर्ट सहसा धरत नाही, कारण उपाशी राहायचा करार करता येत नाही. घटस्फोट झाल्यावर बाईनं खरोखर स्वखुशीनं, समजून उमजून, भरपूर काही घेऊन हक्क सोडला असेल तर गोष्ट वेगळी, तो मुद्दा कायद्यात आहे. पण पाच-दहा हजार हातावर टेकवून सही घेतली तर ते नावापुरतं झालं, आणि नावापुरत्या रकमेनं जबाबदारी सुटत नाही हे सुप्रीम कोर्टानं १९७८ पासून सांगितलंय. तेव्हा बाँड झाला म्हणून घरी बसू नका.

किती मिळते?

ठरलेला दर नाही. २०१७ च्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टानं नवऱ्याच्या हातात येणाऱ्या पगाराच्या २५ टक्के रास्त म्हटलं होतं, तो आकडा सगळे वकील सांगतात, पण तो नियम नाही. कोर्ट बघतं की नवऱ्याचं उत्पन्न, त्याच्यावर कोण अवलंबून आहे, तुमचं शिक्षण, वय, आजारपण, मुलं कोणाकडं, भाडं किती, आणि लग्नात तुम्ही कसं राहत होता. भुकेलं ठेवायचं नाही, आणि सासरी होतं त्याच्या जवळपास जगता आलं पाहिजे, हा विचार.

सुप्रीम कोर्टाच्या नोव्हेंबर २०२० च्या रजनीश विरुद्ध नेहा निकालापासून दोन्ही बाजूंनी आपली मिळकत आणि कर्ज यांचं अफिडेव्हिट द्यायचंच असतं. त्यात शेतकऱ्यांसाठी वेगळा फॉर्म आहे, हे आपल्याकडं फार कामाचं, कारण रायबाग, अथणी, चिकोडीकडचा माणूस "मला पगार नाही" म्हणतो आणि घरात ऊस असतो. तुम्ही जमिनीचा उतारा ऑनलाईन काढा, सर्व्हे नंबर माहीत असला की पुरे. कारखान्याला कोणाच्या नावानं ऊस जातो, डेअरीला दूध कोणाच्या खात्यावर, हे तुम्हाला सासरी असताना दिसलेलं असतं, ते सगळं आठवून लिहून द्या. वकिलाला हे सुचणार नाही, तुम्हालाच माहीत आहे.

नवरा म्हणतो काम नाही, जमीन वडिलांच्या नावावर आहे.

धडधाकट माणसानं मजुरी करून पण बायकोमुलांना घातलं पाहिजे असं सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये परत सांगितलंय. केस दाखल झाल्यावर उद्यमबागमधली नोकरी सोडून "बेकार" झालेले किती तरी असतात, कोर्टाला ते कळतं.

मी विडी वळते, शिवणकाम करते. मग मिळणार नाही का?

मिळते. "पोट भरता येत नाही" याचा अर्थ रस्त्यावर आलेली असा नाही. निपाणीत विडी वळून हातात येतं त्यात घरभाडं आणि मुलाची फी भागत नसेल तर राहिलेलं नवऱ्यानं द्यायचं. पण कमाई लपवू नका हो. समोरच्यानं तुमचं पासबुक कोर्टात आणून दाखवलं की बाकी खरं असलेलंही खोटं वाटायला लागतं. गृहलक्ष्मीचे दोन हजार येतात ते पण सांगा, सरकार मदत करतं म्हणून नवऱ्याची जबाबदारी संपत नाही, भांडायला वकील आहे.

माझं माहेर चंदगड, सासर बेळगाव. केस कुठं टाकायची?

सीमाभागातला खरा प्रश्न हा. आपल्या सोयरिकी काही राज्याची हद्द बघून होत नाहीत, चंदगड, गडहिंग्लज, कागल, मिरज, सगळीकडं लेकी दिलेल्या.

१४४ चा अर्ज तुम्ही आता राहता तिथं टाकता येतो, म्हणजे माहेरी राहत असाल तर चंदगडलाच. नवरा राहतो तिथं किंवा शेवटी दोघं एकत्र राहिला तिथं पण चालतो. हिंदू विवाह कायद्यात पण २००३ पासून बायकोला ती राहते तिथं दावा टाकता येतो. बेळगाव शहरात फॅमिली कोर्ट आहे, तालुक्याला जेएमएफसी, म्हणजे तिथल्या मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात जायचं.

आणि इथं विचार करून टाका, कारण एकदा केस महाराष्ट्रात सुरू झाली आणि नंतर कर्नाटकात हलवायची म्हटली, किंवा उलट, तर दोन राज्यांमधली बदली फक्त सुप्रीम कोर्ट करतं, दिल्लीला अर्ज. बेळगावहून कोल्हापूर दोन-अडीच तासांवर आहे पण केस हलवायची तर वाट दिल्लीवरून. अपील किंवा रिव्हिजन (निकालाची फेरतपासणी) हायकोर्टात गेली तर बेळगावची धारवाड बेंचला जाते, बेंगळूरला नाही. कोल्हापूरकडची १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचला, पूर्वी मुंबई गाठावी लागायची. जाण्यायेण्याचा खर्च पण धरा, कर्नाटकात राहणाऱ्या बाईला शक्ती योजनेत लाल बसनं धारवाडपर्यंत तिकीट नाही, महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. तारखा किती पडतील सांगता येत नाही, तेव्हा हे छोटं वाटतं पण छोटं नाही.

निकाल मात्र हद्दीवर अडत नाही. बेळगावच्या कोर्टाचा १४४ चा हुकूम नवरा कोल्हापुरात असेल तर तिथल्या मॅजिस्ट्रेटकडून पण अमलात आणता येतो.

पोटगी कधीपासून धरतात? निकालापासून?

अर्ज टाकल्याच्या तारखेपासून. रजनीश-नेहा निकालात हे सगळ्या कोर्टांना सांगितलेलं आहे. मी ज्या ज्या बाईशी बोलते तिला बाकी काही नाही सांगितलं तरी हे सांगते, कारण बायका वाट बघतात. दसऱ्याला नेतील, दिवाळीला नेतील, मोठ्या दिरानं शब्द दिलाय, जत्रेनंतर बैठक आहे. तीन वर्षं माहेरी बसलेली बाई येते आणि त्या तीन वर्षांचं काहीच मिळत नाही, भावाच्या संसारात वहिनीचं तोंड बघत काढलेले दिवस कुठल्या हिशेबात येत नाहीत. बोलणी चालू ठेवा, मनापासून ठेवा, समेट झाला तर अर्ज मागं घेता येतो. पण अर्ज आधी टाका. केस लांबली तरी टाकलेली तारीख तुमची राहते.

अर्जासोबतच अंतरिम, म्हणजे केस चालू असतानाची पोटगी मागा. नवऱ्याला नोटीस लागल्यापासून शक्यतो ६० दिवसांत तिचा निर्णय द्यावा असं कायद्यात आहे. शक्यतो म्हटलंय, म्हणून वकिलाला दर तारखेला आठवण करावी लागते.

हुकूम झाला, पण देत नाही.

वसुलीचा अर्ज करायचा. कोर्ट वॉरंट काढतं, जप्ती होते, तरी दिले नाहीत तर थकलेल्या प्रत्येक महिन्यामागं एक महिन्यापर्यंत तुरुंग. आणि तुरुंगात जाऊन आला म्हणून पैसे फिटत नाहीत, देणं तसंच राहतं, सुप्रीम कोर्टानं १९८८ ला सांगितलंय. विवाह कायद्याखालची डिक्री (कोर्टाचा हुकूमनामा) असेल तर पगार पण जप्त करता येतो.

फक्त एक वर्षाचं बंधन पाळा. १४४ ची रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज नसेल तर त्या रकमेचं वॉरंट निघत नाही. "साठू दे, एकदम घेऊ" हा विचार महागात पडतो. मी बायकांना भिंतीवरच्या कॅलेंडरवर, ते महालक्ष्मी असो की कालनिर्णय, पैसे आले त्या दिवशी गोल करायला सांगते, गोल नसलेले सहा महिने झाले की या.

नोटीस कन्नडमध्ये आली, काही कळत नाही.

त्याच दिवशी कोणाला तरी दाखवा. एका बाईनं नोटीस देवघरात फोटोमागं ठेवली, सरकारी कागद म्हणून जपून, पाच आठवडे. ती नवऱ्याच्या घटस्फोटाच्या दाव्याची होती. तारखेला कोणी हजर नाही म्हणून केस एकतर्फी पुढं गेली, नंतर तो हुकूम फिरवायला वर्ष गेलं. कन्नडमध्ये पोटगीला "जीवनांश" म्हणतात आणि घटस्फोटाला "विच्छेदन", हे दोन शब्द ओळखीचे करून घ्या. कोर्टात बोलायची वेळ आली तर मला मराठीच येतं म्हणून सांगा, त्यात लाज कसली. न कळता मान हलवू नका.

पुन्हा लग्न केलं तर? त्यानं चारित्र्यावर आरोप केला तर?

तुम्ही पुन्हा लग्न केलंत तर तुमची पोटगी थांबते, मुलांची नाही. त्यानं दुसरं लग्न केलं म्हणून तुमची कमी होत नाही. चारित्र्याचा आरोप जवळजवळ प्रत्येक केसमध्ये होतो, नुसत्या आरोपानं काही होत नाही, परपुरुषाबरोबर सतत राहते असं त्यानं सिद्ध करायला लागतं. आणि नांदायला गेली नाही म्हणून त्याला घटस्फोट मिळाला असेल तरी घटस्फोटित बाई म्हणून पोटगीचा हक्क राहतो, हे २००० च्या निकालात आलंय.

मला माहीतच नव्हतं की त्याची पहिली बायको आहे.

लपवून लग्न केलं असेल तर त्याला "हे लग्नच बेकायदा, मी देणं लागत नाही" म्हणता येत नाही, सुप्रीम कोर्टानं २०१३ ला महाराष्ट्रातल्याच केसमध्ये सांगितलं. २०२५ मध्ये पुढं असंही आलं की लग्न रद्दबातल ठरलं तरी हिंदू विवाह कायद्याच्या २५ खाली कोर्ट पोटगी देऊ शकतं.

गोव्यात लग्न झालंय.

चोर्ला घाट उतरला की कायदा बदलतो. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा सिव्हिल कोड चालतो, लग्नाची सिव्हिल नोंदणी होते, आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मिळकत दोघांची सामाईक, घटस्फोटात अर्धा वाटा. पोटगीपेक्षा हा वाटा मोठा असू शकतो. म्हणून इथल्या वकिलाबरोबर गोव्याच्या वकिलाशी बोलल्याशिवाय काहीही सही करू नका.

एकरकमी घ्यावी की दरमहा?

माझं मत सांगते. नवरा लहरी असेल, बाहेरगावी पळणारा असेल, वसुलीसाठी फिरायची तुमची ताकद नसेल तर एकरकमी बरी. पण ती तुमच्याच खात्यात, कोर्टासमोर, डीडीनं. भावाच्या खात्यात नको, भाऊ कितीही चांगला असला तरी. नवऱ्याची पक्की सरकारी नोकरी असेल आणि मुलं लहान असतील तर दरमहा घ्या, महागाई वाढली की वाढवून मागता येते, एकरकमी घेतल्यावर सहसा तसं होत नाही. मुलांचा हक्क तुमच्या सहीनं संपत नाही, तो वेगळा लिहून घ्या. हिंदू मुलीचा तर लग्न होईपर्यंत बापाकडून खर्च मागायचा हक्क आहे, अठरा पूर्ण झाली तरी.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी, १९८७ च्या कायद्यानं. उत्पन्नाचा दाखला मागितला तर बाईला तो लागत नाही म्हणून ठामपणे सांगा. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा कायदा सेवा प्राधिकरण, तालुक्याला तालुका समिती, कोर्टाच्या आवारातच असते. फोन १५१००. मराठी समजणारा वकील द्या म्हणून अर्जातच लिहा, बेळगावात असे वकील भरपूर आहेत.

येताना काय काय आणायचं?

आधार, रेशन कार्ड, लग्नपत्रिका, लग्नाचे दोन-तीन फोटो ज्यात दोघांचे चेहरे दिसतात, मुलांचे जन्मदाखले, शाळेच्या फीच्या पावत्या, दवाखान्याची कागदं, तुमचं पासबुक, नवऱ्याचं काही हाताला लागलं असेल ते, पगाराची स्लिप, गाडीचा नंबर, उतारा. दागिन्यांच्या पावत्या माहेरी असतात, सोनाराकडं विचारा, जुन्या वहीत नोंद सापडते. तलाक झाला असेल तर निकाहनामा, ख्रिश्चन असाल तर चर्चचा दाखला. झेरॉक्स दोन-दोन काढा, ओरिजिनल कोणाच्याही हातात देऊन जाऊ नका, माझ्या सुद्धा नाही. काहीच नसेल, रात्री नेसत्या लुगड्यानिशी बाहेर पडला असाल, तरी या. अर्ज त्या दिवशी टाकूया, कागद मागून जोडता येतात.